पाठमोरं कव्हर

अनुजा तावडेला गाणं ऐकायला बोलवाल तर फसाल. ती गाणं ऐकत नाही, गाणं बघते. कुणी तिच्या हातात जुनी रेकॉर्ड दिली, कॅसेट दिली, की आधी चष्मा कपाळावर चढणार, कव्हर नाकाला लागेल इतकं जवळ येणार, अक्षरांच्या कडेवरून नख फिरणार, आणि मग बाई म्हणणार, ‘‘हे चित्र ज्यानं काढलंय ना, त्यानं सतार जन्मात बघितलेली नाही. खुंट्या बघ! कपडे वाळत घालायला मारल्यासारख्या.’’ गाणं बिचारं तोवर ताटकळत बसलेलं.

लालबागच्या हरिहर निवासात, दुसऱ्या मजल्यावर, आईवडिलांबरोबर ती राहते. वय चाळिशीपार. लग्न केलं नाही, आणि त्यावर चाळीला जे काही बोलायचं होतं ते बोलून चाळ केव्हाच दमली. लोअर परळच्या एका काचेच्या इमारतीत ती बिस्किटांची नि मसाल्यांची पाकिटं डिझाइन करते. तुमच्या फोडणीच्या मिरचीपुडीवर जी लालभडक मिरची असते, ती कदाचित तिनंच काढलेली असेल. घरात मात्र त्याचं कौतुक शून्य. आई, म्हणजे लक्ष्मीबाई, म्हणते, ‘‘मिरची देवान केल्यान. तू काय केलंस?’’

माळ्यावर पूर्वी गणपतीचं मखर नि पितळेची भांडी असायची. आता कव्हरं आहेत. नुसती कव्हरं! कित्येकांच्या आतली रेकॉर्ड फुटलेली, हरवलेली. पण अनुजाला त्याचं काही नाही. उलट महिन्यातल्या एका रविवारी ती त्यातली चारदोन उचलून दादरला जाते. तिथल्या एका वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये तिचं ‘कव्हरवाचन’ चालतं. नियम एकच: कव्हर पुरतं वाचून झाल्याशिवाय गाणं लावायचं नाही. चित्रातली बाई खिडकीबाहेर का बघतेय, नाव वर का नि गायिका खाली का, इथे जाड अक्षर कशाला आणि तिथे बारीक का, हे सगळं सांगून झालं की मगच सुई टेकवायची. मग लोकांना ते गाणं खरंच वेगळं ऐकू येतं, हे मान्य करायलाच हवं. गिरगावातले अच्युतराव नावाचे एक गृहस्थ तर म्हणतात की आता त्यांना कव्हराशिवाय गाणं पचतच नाही. ते वाचनालयाखालच्या बटाटेवड्यासाठी येतात असंही काही जण म्हणतात, पण जाऊ दे.

वडिलांना हा सगळा प्रकार पटत नसे. वडील म्हणजे गुणाजीबुवा. तरुणपणी गिरणीत, गिरणी बंद पडल्यावर परळच्या एका हॉस्पिटलात वॉर्डबॉय, आता निवृत्त. पण ही झाली पोटापाण्याची गोष्ट. खरी ओळख म्हणजे श्री गांगेश्वर प्रासादिक भजन मंडळाचे बुवा. कोकणातल्या माणसाला बुवा म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. इतरांसाठी सांगायचं तर, पेटी घेऊन पुढे बसतो, गातो, आणि मागच्या सगळ्या कोरसला आपल्या आवाजाबरोबर ओढून नेतो तो बुवा. दर गुरुवारी सरावाला मंडळ त्यांच्याच खोलीत जमतं. बाहेरच्या खोलीत गॅलरीच्या दाराशी, तोंड बाहेर करून बुवा बसणार, शेजारी पखवाज, पलीकडे झांज, आणि मागे स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत कोरस दाटीवाटीनं. गॅलरीत ऐकणारे. बुवा बाहेर अगदी शुद्ध बोलतात, घरात मालवणी. अनुजाच्या छंदावर त्यांचं एकच वाक्य ठरलेलं होतं: ‘‘गाणा ऐकूचा असता गो. तू बघतस काय?’’

तर अशा घरात एक दिवस मनवा आली. ही दादरची पोरगी, कव्हरवाचनाला यायची. स्वतःची छोटीशी कंपनी काढून ती गायकांच्या काळ्या तबकड्या काढते, जुन्या पद्धतीच्या, मोठ्या. तिनं मंडळाचं भजन ऐकलं आणि जागच्या जागी ठरवलं की ह्याची रेकॉर्ड निघाली पाहिजे. दोन गुरुवार माइक लावून सगळं ध्वनिमुद्रण खोलीतच केलं, गॅलरीतल्या कावळ्यासकट. नावही ठरलं, ‘गजर’. मग एका गुरुवारी तिनं रिकामं पांढरं कव्हर सगळ्यांच्या मधे ठेवलं. फूटभर लांब, फूटभर रुंद.

‘‘एवढं मोठं?’’ झांजवाले जयवंत म्हणाले. हे मंडळाचे सेक्रेटरी. ‘‘मग तर सगळ्यांचे फोटो नीट बसतील.’’

आणि इथे बुवांनी पेटीवरून मान न वळवता सांगून टाकलं, ‘‘कव्हर अनुजा करेल.’’

स्वयंपाकघरात चहाचे कप विसळत असलेल्या अनुजाच्या हातून एक कप निसटला. मसाल्याच्या मिरच्या काढून काढून केस पिकायला लागले, पण ह्या माणसानं तिच्या कामाला आजवर काम म्हटलं नव्हतं. आणि आज चारचौघांत, मंडळासमोर, न मागता! तिला इतका आनंद झाला की दुसऱ्या दिवशी ऑफिसातून येताना तिनं सगळ्या मजल्याला पुरतील इतके लाडू आणले. कुणी विचारलं कशाबद्दल, तर म्हणाली, सहज. सहज कुणी लाडू वाटतं का!

आता माणूस आनंदात असला की थोडा बेसावध होतो. तिचंही तसंच झालं.

पुढचं कव्हरवाचन तोंडावर आलं होतं आणि तिला विषय हवा होता कॅसेटच्या जमान्यातल्या कव्हरांचा. त्या कव्हरांवर लोक हसतात, हे तिला माहीत होतं. परक्याच्या कव्हरावर हसायचं तिच्या जिवावर येई. कुणाची तरी मेहनत असते, कुणाचा तरी बाप असतो त्यावर. म्हणून बाईंनी काय शक्कल काढावी? तर घरचंच कव्हर घेतलं! मंडळानं नव्वदच्या दशकात एक कॅसेट काढली होती, तिचं. घरचं आहे, राग कोणाला येणार, असा हिशेब.

मनवानं तिकडे आपलं वेगळंच चालवलं होतं. बुवांना भेटून म्हणाली, ‘‘काका, मुलगी काय करते ते एकदा बघायला या की.’’ बुवा नाही नाही म्हणत तयार झाले. इस्त्रीचा सदरा घातला, बस पकडली, दादरला उतरले आणि हॉलमध्ये शेवटच्या रांगेत जाऊन बसले. अनुजाला ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. आणि वाचन सुरू झालं की तिचा चष्मा कपाळावर असतो, त्यामुळे हातातलं कव्हर तेवढं दिसतं. पहिल्या रांगेपलीकडे सगळं धुकं.

‘‘आधी अक्षरं बघा,’’ तिनं सुरुवात केली. पडद्यावर कॅसेटचं कव्हर केवढं तरी मोठं झालं होतं. ‘‘पोट लाल, कड पिवळी, सावली काळी. एकेक अक्षर तीन-तीनदा रंगवलंय. का? कारण दुकानात ही कॅसेट इतर कॅसेटींच्या गर्दीत उभी राहणार, आणि पेंटरला धास्ती आहे की आपलं अक्षर हरवेल. ही अक्षरं वाचायची नाहीत. ती हाक मारतायत, ओ काका, इकडे बघा! आता मागचा समुद्र. हा आपल्या कोकणातला नव्हे, कॅलेंडरातला आहे. माड बघा, सगळे एकाच बाजूला वाकलेत आणि बुवांच्या सदऱ्याला मात्र सुरकुती नाही.’’

लोक हसले. हसणं चढत गेलं की बोलणारा वाहवत जातो. अनुजाही गेली.

‘‘आणि आता ह्या कव्हरातली सगळ्यात थोर गोष्ट. बुवांची मिशी! वरची शिरोरेषा बघा, डावीकडे जाड सुरू होते आणि उजवीकडे निमुळती होत जाते. आता मिशी बघा. डावीकडे जाड, उजवीकडे निमुळती! तोच ब्रश, तोच हात, तोच फटकारा. ही मिशी नाही मंडळी, ही शिरोरेषा आहे. खाली अक्षर लटकवायचं तेवढं राहून गेलं!’’

हॉल हसून कोसळला. अच्युतराव तर इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. टाळ्या पडल्या, अनुजानं समाधानानं चष्मा नाकावर ओढला, आणि शेवटच्या रांगेत तिला वडील दिसले.

ते उठले होते. चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. ‘‘आता गेलंय तर बस गावतली,’’ एवढंच म्हणाले आणि जिना उतरून गेले.

घरी त्यांनी ह्या विषयाचा शब्द काढला नाही. जेवताना आमटीत मीठ कमी आहे म्हणाले, पंख्याचा आवाज येतोय म्हणाले. पण गुरुवारी मंडळ जमल्यावर सरावाआधीच सांगितलं, ‘‘जयवंता, कव्हरावर फोटोच घाल. सगळ्यांचे.’’

जयवंतांना काय, गूळ मिळाला. त्यांच्याकडे आराखडा तयारच होता. आपल्याकडे नाक्यावर लागणारे फ्लेक्स तुम्ही पाहिलेच असतील. त्याचं एक शास्त्र आहे. मधे बुवा, सर्वांत मोठे. त्यांच्याहून जरा लहान पखवाज. मग झांज. खाली गोल गोल चौकटीत कोरस, प्रत्येकाचं डोकं सारख्या मापाचं, नाहीतर भांडणं. वर ढगांत दिवंगत सभासद. कोपऱ्यात हात जोडून चहापाण्याची सोय करणारे शुभेच्छुक. जयवंतांनी नाक्यावरच्या फ्लेक्सवाल्याशी बोलणंही करून ठेवलं होतं. मनवाला हे मुळीच पसंत नव्हतं, पण ती म्हणाली, ‘‘रेकॉर्ड मंडळाची आहे. बुवा म्हणतील ते.’’ फक्त पुढच्या शुक्रवारी कव्हर छापायला गेलंच पाहिजे, एवढं तिनं बजावलं.

अनुजाचं काळीज तुटलं. कव्हर हातचं गेलं म्हणून तर होतंच, पण आयुष्यात पहिल्यांदा बापानं जे दिलं होतं ते आपल्याच जिभेनं घालवलं, हे जास्त लागलं. ती आईपाशी जाऊन बसली. लक्ष्मीबाई सुकट निवडत होत्या.

‘‘आई, बाबांना एवढं काय लागलं गं? मिशीवर तर हसले लोक.’’

लक्ष्मीबाईंचा हात थांबला. ‘‘मिशी नव्हतीच तेव्हा. तू ल्हान होतंस. तुझो आजो गेललो ना त्या वर्षी. तेराव्याक चार दिवस झाले नाय नि फोटोवालो दारात. गणपतीच्या आधी कॅसेट येऊक होयी होती. ह्यांची डोकी-मिशी सगळी काढलेली. सणाच्या कॅसेटीर सुतकी तोंड कसा घालतले? मग डोक्याक टोपी घातली आणि नाव लिवणाऱ्या पेंटराकच सांगितला, मिशी काढ.’’ पुन्हा सुकट निवडायला लागत म्हणाल्या, ‘‘कॅसेट इली तेव्हा ह्यांनी ती उघडून ऐकूकसुद्धा नाय. बापाशीची आठवण येता म्हणून.’’

 फटकारा अनुजानं बरोबर ओळखला होता. तोच ब्रश, तोच हात. सगळं बरोबर, आणि त्यावर हॉलभर माणसं हसवली! ती तशीच उठली. बुवा गॅलरीत स्टुलावर बसून पेटीचा भाता पुसत होते.

‘‘बाबा, चुकलं माझं. मला माहीत नव्हतं.’’

‘‘वाचलंस ता बरोबर वाचलंस,’’ बुवा शांतपणे म्हणाले. ‘‘माका कळला, तुझ्या कामात अक्कल लागता ती. पण वाचूच्या आधी माका इचारूक होया होता. मी घरातच होतंय.’’

हे ऐकून तिला रडूच फुटलं. गॅलरीत रडणं म्हणजे सगळ्या चाळीला आमंत्रण, म्हणून तिनं तोंड कपड्यांच्या दोरीकडे वळवलं. ‘‘एकदा मला करू द्या ना कव्हर. नाही आवडलं तर फाडून टाका.’’

बुवांनी पेटी मिटली. ‘‘माझा एकट्याचा नाय ता. मंडळाक इचार. गुरुवारी घेऊन ये, मंडळ बघतला.’’

झालं, बाईंनी ऑफिसात रजा टाकली. पहिल्यांदा तिनं नुसती पेटी काढली, कव्हरभर. छान जमली, पण वाद्यांच्या दुकानाची जाहिरात दिसायला लागली. मग शंख-चक्र-गदा. ते दिनदर्शिकेत गेलं. मग तिनं ठरवलं, जयवंतकाका म्हणतात ते खोटं नाही, माणसाला माणूस बघायचा असतो. बाबाच काढू. गाताना, समोरून. कपाळ आलं, डोळे आले, आणि तोंडापाशी हात अडला. गजर टिपेला जातो तेव्हा बाबांचं तोंड कसं होतं? डोळे मिटतात की उघडे राहतात? ती आठवायला लागली आणि तिच्या लक्षात आलं की तिला माहीतच नाही. हे तिनं कधी बघितलेलंच नाही! समोर गॅलरीत बसायचे ते पुरुष, पाहुणे. घरातल्या बायकापोरींची जागा आत, स्वयंपाकघराच्या दारात, चहाच्या आधणाजवळ.

मग ती उठली आणि त्या दारातच जाऊन बसली. खोली रिकामी होती, पण तिला सगळे दिसत होते. काढायला घेतलं ते संध्याकाळपर्यंत हात थांबला नाही. अगदी जवळ, कव्हराच्या खालच्या अर्ध्या भागात कोरसच्या पाठी. गडद निळ्या, सपाट, आत एकही जादा रेघ नाही. फक्त कडा, पण त्या कडांत खांदे, माना, कॉलरी, टकलं, कान सगळं आलं. त्या पाठींच्या फटीतून पुढे पखवाज. आणि पार पलीकडे गॅलरीचं उघडं दार, हळदीसारखा पिवळा उजेड, आणि त्या उजेडात पाठमोरे बसलेले बुवा. अंगठ्याएवढे.

अक्षरांनी मात्र तिचा घाम काढला. ‘गजर’ ह्या तीन अक्षरांना वर मात्रा नाही, वेलांटी नाही, खाली उकार नाही. म्हणजे शिरोरेषा एकदम सपाट. तिनं दाराच्या चौकटीची वरची पट्टी घेतली आणि तीच शिरोरेषा केली. अक्षरं तिला तोरणासारखी लटकली, बुवांच्या डोक्यावर, त्या पिवळ्या उजेडात. सावली नाही, कड नाही. आणि ती रेघ तिनं कुठे तोडलीच नाही. डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत, तिथून वळून मागच्या बाजूलाही. गजर एकदा सुरू झाला की मधे कुठे थांबतो?

गुरुवारी मंडळ जमलं. मनवाही आली होती. अनुजानं कव्हराची नमुना प्रत पेटीला टेकवून उभी केली आणि भिंतीला पाठ लावून थांबली.  

मग जयवंत म्हणाले, ‘‘तोंडं कुठायत?’’

‘‘तोंडं पलीकडे आहेत, काका.’’

‘‘पलीकडे म्हणजे? कव्हर उलटं केलं की दिसतात?’’

‘‘नाही. पलीकडे तेवढीच रेघ आहे.’’

‘‘अगं पण घरी काय सांगू? सून विचारेल, ह्यात पप्पा कुठले? काय दाखवू तिला, मानगूट?’’

‘‘दाखव की,’’ पखवाजवाले बाबुराव म्हणाले. मंडळातले हे सगळ्यांत वडीलधारे आणि तोंडाचे तिखट. ‘‘तुझी मानगूट तोंडापेक्षा बरी आहे.’’

‘‘ही मानगूट माझीच कशावरून?’’

‘‘कॉलर आत दुमडलेली मंडळात दुसऱ्या कुणाची आहे सांग.’’

जयवंतांनी नकळत कॉलरीला हात लावला. दुमडलेलीच होती! सगळे हसले आणि मग जो तो पुढे सरकला. ही पाठ कोणाची, हा कान कोणाचा, ह्यावर एकच कल्ला. स्वतःची पाठ कुणालाच ओळखू येईना. शेजाऱ्याची मात्र झटक्यात. बाबुरावांना त्यांचं टक्कल सगळ्यांनी मिळून दाखवलं तेव्हा ते म्हणाले, ‘‘एवढं झालंय? मला कुणी बोललं कसं नाही?’’ आणि अनुजाकडे वळून हळूच, ‘‘जरा बुजवता येईल का गो?’’

पण जयवंत सेक्रेटरी होते, आणि सेक्रेटरी हसण्यावर विरघळत नसतो. त्यांनी हात वर केला. ‘‘थट्टा पुरे. मी माझ्यासाठी बोलत नाही. बुवांकडे बघा! एवढेसे. मंडळ कोणाचं? रेकॉर्ड कोणामुळे निघतेय? आणि सगळ्यात मोठा कोण दिसतोय, तर आनंदा!’’

आनंदा म्हणजे मंडळातला सगळ्यात नवा गडी, शिवडीच्या गोदामात काम करणारा. यायला नेहमी उशीर, म्हणून बसायला मिळे ते अगदी मागे, स्वयंपाकघराच्या दाराला टेकून. त्यामुळे कव्हरावर त्याची पाठ एखाद्या कपाटाएवढी. आनंदा लाजून लाल झाला होता. लाजत होता, पण नजर काही कव्हरावरून हलत नव्हती.

‘‘ठेका चुकणारा माणूस सगळ्यात मोठा आणि बुवा अंगठ्याएवढे,’’ जयवंत म्हणाले. ‘‘हे मंडळाला शोभत नाही. मी फ्लेक्सवाल्याला होय सांगून आलोय.’’

 माप म्हणजे मान, हे सगळ्यांच्या हाडात मुरलेलं. दोघातिघांनी माना डोलावल्या. अनुजानं तोंड उघडलं, पण अक्षरांबद्दल, उजेडाबद्दल, चौकटीबद्दल जे काही ती दादरला तासन्‌तास बोलली असती, त्यातलं एक वाक्यही तिला इथे आठवेना. ती फक्त वडिलांकडे बघत राहिली.

बुवांनी कव्हर हातात घेतलं. लांब धरलं, मग जवळ आणलं. स्वतःच्या अंगठ्याएवढ्या पाठीकडे त्यांनी बघितलंही नसावं. त्यांचं बोट खाली, निळ्या पाठींवर थांबलं होतं.

‘‘ह्यो हात कोणाचो?’’

एक हात पुढच्या माणसाच्या पाठीवर ठेवलेला होता.

‘‘आनंदाचा,’’ अनुजा म्हणाली. ‘‘पुढे जयवंतकाका आहेत. गजर चढला की झांज घेऊन ते मागे सरकतात, आनंदाच्या पुढ्यात.’’

‘‘जयवंता, ह्यो तुझ्या पाठीर हात ठेवता?’’

जयवंत जरा चाचरले. ‘‘नेहमीच ठेवतो. ठेका सुटतो ना त्याचा. मीच सांगितलंय, हात ठेव, मी हलतो तसा हल. ओरडून काय उपयोग, नवीन आहे.’’

‘‘आणि हे सगळे उजवीकडे कलंडलेत ते?’’ बुवांनी विचारलं.

‘‘तुम्ही तान घेताना उजवीकडे झुकता, बाबा,’’ अनुजा म्हणाली. ‘‘मग तेही झुकतात. सगळे. दर वेळी.’’

  बुवांनी कव्हर खाली ठेवलं, गुडघ्यावर हात टेकून उठले, आणि पाठींच्या गर्दीतून वाट काढत स्वयंपाकघराच्या दारात आले. लक्ष्मीबाई तिथे नेहमीच्या जागी बसल्या होत्या. त्यांच्या शेजारी उंबऱ्यावर बुवा बसले.

‘‘गावा बघू,’’ ते म्हणाले.

‘‘तुमच्याशिवाय?’’ बाबुरावांनी विचारलं.

‘‘पेटी नको. तुम्ही गावा. मी बघतंय.’’

बाबुरावांनी पखवाजावर थाप मारली. झांज वाजली. पहिला गजर जरा चाचपडतच उचलला मंडळानं, पुढे बुवा नाहीत म्हटल्यावर होणारच. पण दुसऱ्या फेरीला पाठी सैल झाल्या, आवाज मोकळे झाले. जयवंत झांज घेऊन मागे सरकले आणि आनंदाचा हात आपसूक त्यांच्या पाठीवर गेला. आणि समोर रिकाम्या जागेकडे, जिथे बुवा नव्हते तिथे बघत, तान यायच्या जागी सगळे एकदम उजवीकडे झुकले.

बुवांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. त्यांनी ते पुसलंही नाही. ‘‘सारो जल्म गातंय,’’ ते म्हणाले, ‘‘ह्या माका कधी दिसलाच नाय.’’ मग बायकोकडे वळून, ‘‘तू हयसूनच बघतस?’’

‘‘मग खयसून बघतलंय?’’ लक्ष्मीबाई म्हणाल्या. ‘‘सरका थोडे. माझ्या लुगड्यार बसलात.’’

बुवा सरकले. अनुजा भिंतीशी तशीच उभी होती. बुवांनी तिला हातानं जवळ बोलावलं. गजर चढत होता, म्हणून ती वाकली आणि कान त्यांच्या तोंडाजवळ नेला.

‘‘चेडवा, ह्याच छाप,’’ ते म्हणाले. ‘‘आणि कोण काय बोललो तरी माका मोठो करू नको.’’

‘‘नाही करणार, बाबा,’’ अनुजा म्हणाली. तिला हसूही येत होतं आणि रडूही. तिकडे जयवंतांनी झांज वाजवता वाजवता मान वळवून पाहिलं, तर गजर टिपेला पोचला तरी बुवा काही आपल्या जागेवर परत जायचं नाव घेत नव्हते.